मानपत्राचं दुसरं वाचन

माझ्या सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक अर्ज होता. सगळा भरलेला, फक्त तारीख आणि सही तेवढी राहिलेली. लग्न होऊन मी मयेहून पेडण्याला आले त्या वर्षी पेटीतले कपडे उन्हाला घालताना तो माझ्या हाती लागला. कागद कडांना तपकिरी झालेला, पण अक्षर छापल्यासारखं. मुंडकार म्हणून नोंद व्हावी असा तो अर्ज. अर्जदार सगुण परब, भाटकार म्हणजे जमीनमालक गोकुळदासबाब.

"अण्णा, हा घालायचा राहिला?" मी विचारलं.

"राहिला नाही, ठेवलाय," ते म्हणाले. "खुर्चीवरून उठलो की घालीन."

खुर्ची म्हणजे बाबच्या ऑफिसातली. गोकुळदासबाब आमदार. कधी निवडून आलेले, कधी पडलेले, पण आमच्याकडे ते आमदारच. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस, आणि तिथे जनेलाजवळच्या मेजावर सदुसष्टच्या ओपिनियन पोलाच्या वर्षापासून आमचे अण्णा. भाषणं लिहायची, मतदार याद्या सांभाळायच्या, कोणाकडे बारावा कधी आणि कोणाच्या मुलीचं कुठे जमलं ते लक्षात ठेवायचं. एखाद्या दारात गाडी थांबली की बाब उतरायच्या आधी अण्णा हळूच सांगत, "म्हातारीचं नाव सोनाबाई. धाकटा गेल्या शिगम्याला वारला." मग बाब उतरून तिचा हात धरत, "सोनाबाई, धाकट्याचं ऐकलं आणि..." एवढ्यात सोनाबाई रडायला लागायची. मी लहान मुलीला घेऊन एकदा त्या गाडीतून माहेरी गेले होते, तेव्हा हे पाहिलं. मलाही खरंच वाटलं होतं की बाबना केवढी आठवण.

मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत, त्याच्या परवानगीने, घर करून राहिलेला माणूस. कायदा आला, की अशांनी मामलेदाराकडे नोंद करून घ्यावी, मग घर आणि खालची जमीन त्यांना आपल्या नावावर करून घेता येईल. तालुक्यातल्या कितीतरी लोकांचे अर्ज अण्णांनी त्या मेजावर बसून लिहिले. आपलाही एक लिहिला. पण आमचं घर बाबच्याच भाटात, त्यांच्या घरामागच्या काजूंमध्ये.

"ज्यांच्या मेजावर बसायचं त्यांच्यावरच अर्ज घालायचा?" अण्णा म्हणायचे. "माणूस काय म्हणेल?"

"माणूस कांय म्हणना," सासूबाई चुलीपुढून सांगायच्या. "माणूस जाता नि अर्ज घालता. तीनशे जाणांनी घातलो. तुम्हींच लिहून दिलास."

त्या जागेवर आधी काजूची बोंडं मळायची एक मोडकी खोप होती. बाब म्हणाले होते, "जाय तर बांध थंय," हवं तर तिथे घर बांध. जांभ्याचे चिरे माळावरच्या खाणीतून आले. गाडी चढावाखाली थांबायची. वरचा चढ ते सासूबाईंच्या डोक्यावरून आले. माझा नवरा प्रमोद तेव्हा पोटात होता. अजूनही पावसाळ्यात त्यांची मान एका बाजूला वळत नाही.

गोवा राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली. शहाऐंशी साली मराठीसाठी अण्णांनी लिहिलेली भाषणं बाबनी गावोगाव केली होती. पुढे बाबनी पक्ष बदलला आणि कोकणीतून बोलायला लागले. तीही भाषणं अण्णाच लिहायचे, आधी मराठीत, मग एकेक क्रियापद बदलत. पण अण्णांचे डोळे अधू झाले, हात कापायला लागला, आणि बाबचा मुलगा गौरेश, जो पणजीला वकिली करतो, त्याने ऑफिसात टाईपरायटर आणि टाईप करणारी एक मुलगी आणली. फेब्रुवारीत अण्णांचा सत्कार करून त्यांना मोकळं करायचं ठरलं.

त्याआधीच्या दिवाळीत दोन माणसं मापाची टेप घेऊन काजूंमधून फिरून गेली होती. प्रमोद तुयेला कारखान्यात आहे; तिथे त्याच्या कानावर आलं की रस्त्यालगतची जमीन कोणी गोदामांसाठी मागतंय.

"आता तरी घाला, अण्णा," तो म्हणाला.

"सत्काराच्या आधी? आणि त्या स्टेजवर कोणत्या तोंडाने बसू?" अण्णा म्हणाले. "एवढा दिवस जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन देतो."

मला ते पटलं होतं. खरं तर मी त्या सत्काराची वाट पाहत होते, त्याच्या दुसऱ्या दिवसासाठी. माझी राणी तेव्हा आठ महिन्यांची. तिचा पाळणा ज्या वाशाला टांगला होता तो वासा आपला आहे असं कोणीतरी कागदावर लिहून द्यावं, एवढंच मला हवं होतं.

मानपत्राचा प्रश्न आला. तालुक्यात ज्यांचे म्हणून सत्कार झाले, शिक्षक असो की कंपाउंडर, सगळ्यांची मानपत्रं अण्णांच्या हातची. बाब हसत म्हणाले, "सगुण, तुझां मानपत्र तूंच बरय. दुसरो कोण बरयतलो?"

अण्णाही हसले. स्वतःचं मानपत्र स्वतःच लिहायचं, हे घरी येऊन सांगताना मात्र जरा लाजले होते.

"मान दितत म्हणे," सासूबाई मिरच्या निवडता निवडता म्हणाल्या. "खंय ठेवूचो तो? चुलीर?"

अण्णा सांगायचे, मी लिहायचे. दुपारी राणी मांडीवर झोपली की तासभर मिळायचा. स्वतःविषयी लिहिताना अण्णांना शब्दच सुचेनात. एक ओळ आपली आणि तीन बाबची. "जन्म अमुक साली," आणि लगेच "लोकनेत्याच्या सहवासात." मी म्हटलं, "अण्णा, हे तुमचं मानपत्र आहे ना?" तर म्हणाले, "अशीच रीत आहे, बाय. ज्याचा सत्कार असतो तो निमित्त."

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी गौरेश आला. ओसरीवर बसला, चहा घेतला, राणीला उचलून घेतलं. मसुदा दोनदा वाचला.

"सुंदर, मामा. तुमच्यासारखं मराठी आता कोण लिहिणार?" मग कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "फक्त एक. राग मानू नका हां. बाबानी तुम्हाला इतकी वर्षं सांभाळलं. पगार, राहायची सोय. ते कुठे आलंच नाही. मला काही नाही, पण लोक बसलेले असतात. म्हणतील, सगुणमामा विसरले."

अण्णांचा चेहरा असा झाला की जणू पंगतीत कोणी त्यांचं ताट ओढलं.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "राहून गेलं."

पगार म्हणजे चवथीला एक पाकीट आणि अधूनमधून "सगुण, घे रे" म्हणून खिशातून काढलेलं. घर सासूबाईंच्या मिरच्यांवर आणि भाजीवर चाललं. पण गौरेश गेल्यावर अण्णांनी ओळ सांगितली: "गेली सव्वीस वर्षे गोकुळदासबाबांनी आपल्या ह्या सेवकास नियमित वेतन दिले व आपल्या घराच्या आवारात राहावयास जागा दिली."

मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. "'जागा दिली' कोरडं वाटतं," मी म्हटलं. "'घर दिले' लिहू?"

"लिही, लिही," अण्णा म्हणाले. "मानपत्र आहे. खरेदीखत थोडंच?"

सत्कार हायस्कूलच्या सभागृहात झाला. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या रांगेत बसल्या, नऊवारीचा काठ सारखा चाचपत. शाल, नारळ, फोटो. बाब कोकणीतून बोलले, चांगलं बोलले. ते भाषण अण्णांचंच होतं, क्रियापदं बदललेलं. राणी रडायला लागली म्हणून मी तिला घेऊन बाजूच्या दाराशी गेले, म्हणून मला अण्णा एका बाजूने दिसत होते.

शाळेचे मास्तर मानपत्र वाचू लागले. अण्णांचे ओठ हलत होते. त्यांचं लिहिलेलं कोणीही वाचत असलं की त्यांचे ओठ तसे हलायचे, आवाज न करता, एखादा शब्द गाळला जाईल का म्हणून. "लोकनेत्याच्या सहवासात" ला हलले. "गेली सव्वीस वर्षे" ला हलले. "आपल्या ह्या सेवकास नियमित वेतन दिले" आणि तिथे ते थांबले.

तीनशे अर्ज लिहिलेला माणूस. प्रत्येकाला आधी विचारायचा, "तू भाटकाराचा पगारी गडी तर नव्हेस ना? मालकाच्या आवारात त्याने दिलेल्या खोलीत तर राहत नाहीस ना? तसं असेल तर नोंद होत नाही रे, बाबा." हे मी स्वतः ओसरीवर ऐकलंय, आणि तरी लिहिताना माझ्याही डोक्यात आलं नाही.

टाळ्या वाजल्या. गौरेशने पेन पुढे केलं. "मामा, स्वीकाराची सही. एक प्रत ऑफिसात राहील, आठवण म्हणून." स्वीकाराची सही असा प्रकार आमच्याकडे कधी नव्हता. अण्णा पेन हातात धरून थोडा वेळ बसले. समोर सगळा गाव. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा." त्यांनी सही केली.

घरी आल्यावर शाल घडी करता करता त्यांनी विचारलं, "जानकी, त्या ओळीत आपण 'घर' लिहिलं ना?"

"होय."

"बरं," ते म्हणाले. आणि नंतर म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज घातला. सांगितलं होतं तसा, स्वतः चालत जाऊन.

बाबना नोटीस गेल्यावर गौरेश पुन्हा आला. मला वाटलं चिडेल. "तुमचा हक्क आहे, मामा, कायदाच आहे," म्हणाला आणि वाकून पाया पडला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मानपत्राची चौकट तोवर प्रमोदने ओसरीवर लावली होती. सासूबाईंनी ती वाचलेली नव्हती, त्यांना वाचता येत नाही. सभागृहात त्यांचं लक्ष अण्णांच्या शालीकडे होतं.

सुनावणीला आम्ही चौघं गेलो, राणी माझ्या कडेवर. बाब आत आले तसे अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले. सासूबाईंनी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

"वळण गेलां नाय अजून," त्या पुटपुटल्या.

गौरेश स्वतः बोलला नाही. त्याचा एक वकील मित्र होता. त्याने पिशवीतून मानपत्राची प्रत काढली.

"हे तुमचं?"

"होय."

"सही?"

"माझी."

"मजकूर कोणी केला? अक्षर कोणाचं?"

मी राणीला छातीशी धरून उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अक्षर सुनेचं. हात कापतो म्हणून. शब्द माझे."

"सगळे?"

"सगळे."

वकिलाने वाचायला सुरुवात केली. मास्तरांपेक्षा पुष्कळ चांगलं वाचलं, कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं. आणि अण्णांचे ओठ पुन्हा हलत होते. त्या ओळीलाही ते ह्या वेळी थांबले नाहीत.

"घर दिले," वकील पुन्हा म्हणाला, मामलेदारांकडे बघून. "जमीन नव्हे, साहेब. घर. आणि नियमित वेतन. सगुणराव, हे खरं की खोटं?"

अण्णा उठले. सभेत उभे राहावं तसे, हात मागे बांधून.

"साहेब, मानपत्रात लिहितात ते खरं नसतं. मी सव्वीस वर्षं लिहिलंय, मला ठाऊक आहे."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मामलेदारांनाही हसू आलं असावं, त्यांनी कागद वर धरला.

"म्हणजे तुम्ही खोटं लिहायचात?" वकिलाने विचारलं.

"होय."

"मानपत्रं खोटी. भाषणं?"

"तीही."

"आणि लोकांच्या घरी कोणी वारलं की पत्रं जायची, ती?"

बाब जनेलातून बाहेर बघत होते. "सही बाबची असायची," अण्णा म्हणाले. "दुःख माझं असायचं."

"आजचा अर्ज कोणी लिहिलाय?"

"मी."

"तेवढा मात्र खरा." वकील खाली बसला.

तेव्हा सासूबाई उठल्या. "चिरे मी व्हायले! ह्या माथ्यार! खोटां कसां? त्यांका विचारा!" बोट बाबकडे. "तुम्हीं व्हरांड्यार बसून बघत होतास. माझ्या हातांत पाण्याचो कोप तुम्हींच दिल्लो. विचारा, साहेब!"

मामलेदारांनी त्यांना गप्प केलं नाही. ते बाबकडे वळले. "आपल्याला काही सांगायचंय?"

आणि बाबनी अण्णांकडे पाहिलं.

मला ती नजर ओळखू आली. गाडी दारात थांबल्यावरची ती नजर होती. आता सगुण हळूच सांगेल, म्हातारीचं नाव काय, कोण कधी वारलं. बाब खरोखरच वाट बघत होते. अण्णांनी सांगितलं असतं, की दाराच्या चौकटीचं लाकूड तुम्हीच पसंत केलं होतं, बाब, वास्तुशांतीला तुम्ही जेवला होता, तर मला वाटतं ते तसंच्या तसं बोललेही असते. पण अण्णा मान खाली घालून बसले होते. ह्या एका वेळी ते सांगणार नव्हते. की त्यांना वाटलं असेल, एवढं तरी ह्यांना आपणहून आठवावं.

"माका याद नाय, साहेब," बाब म्हणाले. "खूप वर्सां जालीं. याद सगळी सगुणाकडेच आसताली."

निकाल श्रावणात आला. अर्ज नामंजूर. अर्जदार हा पगारी सेवक असून मालकाच्या आवारात मालकाने दिलेल्या घरात राहत असल्याचे त्याने स्वतःच लिहून व सही करून मान्य केले आहे. घर स्वतः बांधल्याचा एकही कागद त्याच्यापाशी नाही. चिऱ्यांची पावती कोण ठेवतं?

सुनावणीहून घरी आल्यावर सासूबाईंनी मला ती ओळ वाचायला लावली होती. मी वाचली. "घर दिलां?" त्या म्हणाल्या. "असां कित्याक लिहिलां त्यांनी?" मी म्हटलं, "रीत असते." तो शब्द माझा होता हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. अण्णांनीही सांगितलेलं नाही.

निकालानंतर महिनाभर अण्णांनी कागदाला हात लावला नाही. लोक अजून अर्ज लिहून घ्यायला यायचे. ओसरीवर बसून राहायचे. अण्णा म्हणायचे, "डोळे गेले," आणि आत निघून जायचे. बाबचा निरोप आला की घाई नाही, पुढच्या काजूच्या हंगामापर्यंत राहा, मग गौरेश कुठेतरी बघून देईल. अण्णांनी निरोप्याला चहा दिला. मानपत्राची चौकट त्यांनी स्वतःच काढली. मला वाटलं फोडतील. त्यांनी ती पुसली आणि पेटीत, अर्ज होता त्या जागी ठेवली.

वरच्या कचेरीत दाद मागता येते, मुदत थोडी राहिली होती. प्रमोद म्हणाला, वकील लावू. कुठला? पेडण्यातले निम्मे गौरेशचे आणि उरलेले निम्मे बाबचे. शेवटी एका दुपारी अण्णांनीच माझ्यासमोर कोरे कागद आणून ठेवले.

"तू लिही. मी सांगणार नाही. माझा शब्द आता कोणी धरत नाही." मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "त्यांना विचारून लिही. त्यांनी आजवर काही लिहिलेलं नाही."

आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

राणी पाळण्यात झोपली होती. सासूबाई माझ्यासमोर पाय पसरून बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना काही विचारलंय तशा घाबरल्या.

"कांय सांगू, गो?"

"चिऱ्यांचं सांगा. कसे आणले ते."

"कसे म्हणजे? माथ्यार." त्यांनी डोक्याला हात लावला. "सकाळी सात, सांजे पाच. प्रमोद पोटात आसा म्हणून सुईण ओरडली, मगे सांजेचे तीन केले. रविवारी नाय. रविवारी ह्यांची सभा." त्या थांबल्या. "ता लिहू नको, सभेचां."

"का?"

"त्यांका वायट दिसात."

मी लिहिलं: माझे नाव चंद्रावती सगुण परब. ह्या घराचे चिरे मी डोक्यावरून आणले. सकाळी सात व संध्याकाळी पाच.

बाहेरून, मान न वळवता, अण्णांचा आवाज आला. "वर 'मेहरबान साहेबांचे सेवेशी' घातलंस का?"

"घालू नको," सासूबाई म्हणाल्या.

"अर्जाला लागतं ते," अण्णा म्हणाले.

"कोणाची सेवा? पुरे जाली ती."

पाळणा हलायचा थांबला होता, मी पायाने त्याला पुन्हा झोका दिला. कागदावर वर एका ओळीची जागा मी तशीच कोरी सोडली आणि पुढचं विचारलं, "आई, दाराची चौकट कोणी बसवली?"